वाचून दाखविला, बरोबर आहे

लोखंडी कंटेनर. जहाजावर चढवतात तसला, पण वाळवंटात ठेवलेला. दुपारी आतल्या भिंतीला पाठ टेकली की कातडी तिथेच चिकटून राहते.

बुधवारी मेसच्या डब्यात मटकी असायची.

सिव्हिल हॉस्पिटल, दंत विभाग. स्त्री, वय एकतीस. खालची डावी अक्कलदाढ, भूल देऊन काढली. टाके दोन.

नायजेरियाचा एक माणूस आमच्याकडे होता. त्याला खरंच घरी जायचं होतं. जाताना अख्ख्या पोलीस ठाण्याला पेढे वाटून गेला.

जबाबाखालचा कार्बन पेपर उलटा लागला तर अक्षरं त्याच पानाच्या पाठीवर उमटतात. मग ती आरशात धरून वाचावी लागतात.

संविधानाचं एकविसावं कलम 'कोणत्याही व्यक्तीस' असं म्हणतं. नागरिकास म्हणत नाही. ही गोष्ट मला नोकरीची अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळली, तीही व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका पोरीकडून.

*

मी, नामे सुलभा दत्तू खरमाटे, वय बासष्ट, धंदा काही नाही, निवृत्त महिला हवालदार. समक्ष कुणी विचारलेलं नाही, तरी जबाब लिहून देते की,

त्या शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी महिला कक्षात गेले तेव्हा अब्रेहेत झाडत होती. सांगितलं नव्हतं तरी ती रोज झाडायची. शिक्षा भोगून झाली होती. तीन महिन्यांची, व्हिसा संपूनही राहिल्याबद्दल. पण सुटलेला परदेशी माणूस परत पाठवेपर्यंत ठेवायचा कुठे, याचं उत्तर कुणाकडे नसतं. म्हणून तो पोलीस ठाण्यात ठेवतात. कोठडीत नाही, बाहेरही नाही. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथे आता दुसरी माणसं आहेत.

"आवर," मी म्हटलं. "सामान घे."

तिने झाडू भिंतीला नीट उभा केला. "ताई, आज कोर्ट?"

"कोर्टात मी. तू विमानतळावर."

"पण दिल्लीचा कागद..."

तिने उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. निर्वासितांचे अर्ज बघणारं एक कार्यालय दिल्लीत आहे, त्यांचं पत्र. नऊ डिसेंबरला मुलाखत. आमची तारीख होती नोव्हेंबरची बावीस.

"हा तू ने. कोर्टाला दाखव. नऊ डिसेंबर. सतरा दिवस फक्त."

"वकीलबाईंनी तुझ्या मैत्रिणीकडची झेरॉक्स याचिकेला लावलीय."

"झेरॉक्सला कोण विचारतं? खरा ने."

मी घेतला. माझ्या पिशवीत ठाण्याचे कागद होते, रजिस्टरं होती, जेवणाचा डबा होता. त्यात तो ठेवला.

अब्रेहेत इरिट्रियाची. आफ्रिकेतला लहानसा देश, मीही आधी नकाशात शोधला होता. पुण्यात बी.कॉम.ला आली होती. ती इकडे असताना तिच्या भावाला तिकडे धरलं. सरकारने बंद केलेल्या चर्चमध्ये प्रार्थना केली म्हणून. त्याला कंटेनरमध्ये ठेवलं. त्यानंतर घरच्यांचा निरोप एकच आला, येऊ नकोस. पासपोर्ट संपला तेव्हा त्यांच्या वकिलातीने एक कागद पुढे केला, की मी देशाचा अपराध केला, जी शिक्षा द्याल ती मान्य. त्यावर सही कर, मग नवा पासपोर्ट. तिने सही केली नाही. बिनपासपोर्टाची राहिली आणि तीन वर्षांनी आमच्या हद्दीत एका पॅकिंगच्या कारखान्यात सापडली.

एका कागदावर सही करायची नाही म्हणून तिने सगळं घालवलं होतं. हे मला माहीत होतं. पुढचं सांगण्याआधी हे लिहून ठेवते.

*

जीप घाट उतरत होती. पुढे ड्रायव्हर इनामदार, मागे मी, अब्रेहेत आणि मोहिनी नावाची नवी भरती झालेली कॉन्स्टेबल. साहेबांचा फोन आला. दहातोंडे साहेब, आमचे इन्स्पेक्टर.

"खरमाटे, आजच्या आज मिटवून या. सहा महिने झाले, जावयासारखं पोसतोय तिला."

"सर, कोर्टाने स्टे दिला तर?"

"कसला स्टे? तुमच्याकडे कागद चोख आहेत ना?"

"आहेत सर."

"मग झालं तर."

अब्रेहेत खिडकीतून पाट्या वाचत होती. ती सवय मीच लावली होती. सप्टेंबरपासून रोज दुपारी ठाण्यात सामसूम असायची तेव्हा मी तिला अक्षरं शिकवायची. पुस्तक नव्हतं, म्हणून भिंतीवरच्या पाट्या. तिने सलग वाचलेला पहिला शब्द 'मुद्देमाल कक्ष'.

"म्हणजे काय, ताई?"

"जप्त केलेलं सामान. केस संपेपर्यंत ठेवायचं."

"मग मी मुद्देमाल," ती म्हणाली आणि खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला विचारलं की सांगायची, "मुद्देमाल हजर आहे, साहेब." दहातोंडेंनासुद्धा हसू आवरायचं नाही.

"सा-व-का-श," ती आता वाचत होती. "वळ-ण. ताई, वळण म्हणजे टर्न?"

"हो."

"इनामदारभाऊ, सावकाश. वळण आहे."

"वाचलं बाई, वाचलं," इनामदार म्हणाला. "वीस वर्षं वाचतोय."

विमानतळाच्या पोलीस खोलीत तिला आणि मोहिनीला सोडलं आणि जीप मला घेऊन कोर्टाकडे निघाली. विमान संध्याकाळी सातचं होतं, दुबईमार्गे.

खाली उतरताना ती म्हणाली, "ताई, कोर्टाला एवढंच विचार. मी व्यक्ती आहे की नाही?"

*

हे तिला गजभिये वकिलांनी शिकवलेलं. मृणाल गजभिये, असेल तिशीची. ऑक्टोबरात ती ठाण्यात आली होती, अब्रेहेतची भेट मागायला. साहेब आत बसलेले होते आणि मला सांगायला लावलं की साहेब नाहीत. ती दोन तास व्हरांड्यात उभी राहिली. भिंतीवर संविधानाची प्रास्ताविका फ्रेममध्ये लावलेली, तिच्यामागे पाल राहायची. गजभियेने ती पाल बघितली, मग पिशवीतून छोटं पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, एकोणिसावं कलम वाचा. नागरिकांना, असं आहे. आता एकविसावं. कोणत्याही व्यक्तीस. घटना लिहिणाऱ्यांना शब्द कमी पडत नव्हते. त्यांनी मुद्दाम दोन वेगळे लिहिले. मरणाच्या दारात ढकलू नका, हे परक्या माणसालाही लागू आहे."

"हे साहेबांना सांगा."

"साहेब नाहीत ना?"

खिडकीआडून अब्रेहेत सगळं ऐकत होती. त्या दिवशी शब्द शिकली, व्यक्ती. जोडाक्षर अवघड होतं, पण पाठ केलं.

भेट मिळाली नाही, वकीलपत्रावर तिची सही मिळाली नाही. म्हणून गजभियेने याचिका अब्रेहेतच्या पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या नावाने टाकली. माझ्या मैत्रिणीला बळजबरीने पाठवू नका, तिकडे तिचा जीव जाईल, अशी.

*

कोर्टाच्या लॉबीत सरकारी वकील घाईत होते. "मावशी, फाइल आणा. काय काय आहे?"

मी कागद दिले. ते भराभर उलटत होते. एका पानावर थांबले आणि चेहरा उजळला.

"अहो, हा जबाब तर सोन्यासारखा आहे! 'मी स्वखुशीने माझ्या मायदेशी परत जाण्यास तयार असून माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली तिची सही! हे आधी का नाही सांगितलं?"

तो जबाब मी लिहिलेला होता. मी ठाण्याची रायटर. रायटर म्हणजे कागद लिहिणारा. वरून पत्र आलं की परकीय महिलेची फाइल अद्ययावत करा, जबाब जोडा. साहेब म्हणाले, "जुनी फाइल बघा आणि टाका एक." जुनी फाइल नायजेरियाच्या माणसाची, पेढेवाल्याची. मी त्याचा जबाब समोर ठेवला. नाव बदललं, वय बदललं, देश बदलला. बाकी जसाच्या तसा. सगळे असंच करतात. चोरीच्या केसमध्ये साक्षीदारांचे पाच जबाब असतात आणि पाचही जण एकाच वाक्यात बोलतात. शेवटची ओळ तर हात आपोआप लिहितो: 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.'

संध्याकाळी मी अब्रेहेतपुढे चार कागद ठेवले. मेडिकलचा, कपडे मिळाल्याचा, हजेरीचा आणि हा. "सही कर गं, आठवड्याचे कागद आहेत." तिला तेव्हा अ सुद्धा येत नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, कागदांकडे नाही, आणि चार सह्या केल्या.

*

कोर्ट इंग्रजीत चाललं होतं. मला अर्धं कळत होतं. गजभियेच्या तोंडून 'पर्सन' हा शब्द सारखा येत होता. तिचा आवाज सुरुवातीला स्थिर होता. मग सरकारी वकील उठले, जबाब वर पाठवला, आणि कोर्टरूममधली हवाच बदलली. दोन न्यायाधीशांपैकी मोठे गजभियेला म्हणाले, मैत्रीण सांगते जायचं नाही, आणि ती स्वतः सांगते जायचंय. आम्ही कुणाचं ऐकायचं?

गजभिये म्हणाली, तिला इथे बोलवा, विचारा. सरकारी वकील म्हणाले, जबाब लिहिणाऱ्या हवालदार हजर आहेत.

सगळे माझ्याकडे वळले. सरकारी वकिलांनी मराठीत विचारलं.

"जबाब तुम्ही लिहिलात?"

"हो सर."

"तिला वाचून दाखवला?"

"हो सर."

"समजावून सांगितला? कळला तिला?"

"हो सर."

तीनदा. अठ्ठावीस वर्षांत साक्षीच्या पिंजऱ्यात हा प्रश्न मला शेकडो वेळा आलेला आहे आणि त्याला दुसरं उत्तर मी कधी दिलेलं नाही. तोंडानेच दिलं. विचार आला तेव्हा वकील वळून पुढचं बोलायलाही लागले होते.

याचिका निकाली काढली. सव्वाबारा वाजले होते.

*

गजभियेने मला जिन्याच्या तोंडाशी गाठलं.

"कोणत्या भाषेत वाचून दाखवलात, मॅडम?"

"हिंदीत."

"तिचं हिंदी पाणी आणि बाथरूम एवढंच होतं तेव्हा. मैत्रिणीने सांगितलंय मला."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ऐका. कोर्ट साडेचारपर्यंत बसतं. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या. चार ओळींचं. जबाब वाचून दाखवला नव्हता, एवढंच. मी लिहिते, तुम्ही सही करा. मी आत्ता परत उभी राहते."

"आधी वाचून दाखवणार का?" मी म्हटलं.

कसं तोंडातून गेलं कोण जाणे. एवढ्यावरून तिला सगळं कळलं.

"म्हणजे नव्हता दाखवला."

"वकीलबाई, माझी नोकरीची सात वर्षं राहिलीत. मुलगी बारावीला आहे. आणि एकट्या माझंच नाही. माझ्या हातच्या जबाबांवर अकरा माणसं आत आहेत. त्यात दोन खुनी आहेत. एक जबाब खोटा म्हटलं की सगळे उघडतील."

"मग उघडू देत."

"तुम्हाला बोलायला काय जातंय?"

"काही जात नाही," ती म्हणाली. आवाज आता स्थिर नव्हता. "जायचं ते तिचं जाणार आहे. मी त्या बाकावर बसते. साडेचारपर्यंत."

बसली खरंच. मांडीवर कोरा कागद घेऊन. मी दीड वाजता जीपमध्ये बसले. इनामदार म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "चल तू."

जबाब पुढे चालू.

*

वाटेत गर्दी लागली. विमानतळावर पोचायला चार वाजले. अब्रेहेत केळं खात होती, अर्धं मोहिनीला दिलेलं.

"कोर्ट काय म्हणालं?"

"नाही म्हणालं."

"तू विचारलं? व्यक्ती?"

"वकीलबाईंनी विचारलं."

"मग? मी नाही व्यक्ती?"

"आहेस."

"मग कसं?"

तिथल्या अधिकाऱ्याने कागद मागितले, मी फाइल टेबलावर उघडून ठेवली आणि प्रवासाचा दाखला शोधायला लागले. तो वकिलातीने एका प्रवासापुरता दिलेला होता. मी पिशवीत बघत होते तोवर अब्रेहेतने फाइल आपल्याकडे ओढली. मराठी दिसलं की ती वाचायचीच.

"मी, ना-मे, अब्रे-हेत," ती वाचायला लागली आणि एक क्षण तिला आनंद झाला. "मोहिनी, बघ, माझं नाव!"

"अब्रेहेत, ठेव ते," मी म्हटलं.

"थांब, येतं मला. स-म-क्ष. वि-चा-रल्या-वरून." बोट ओळीखालून सरकत होतं, मी शिकवलं होतं तसंच. "मी स्व... स्व-खु-शी-ने. खुशी येतं मला. स्व म्हणजे?"

मोहिनी म्हणाली, "स्वतःच्या." बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

बोट थांबलं. मग पुढे सरकलं, खूप हळू. मायदेशी. परत. तयार. तक्रार नाही. ती आता मोठ्याने वाचत नव्हती, ओठ हलत होते. शेवटची ओळ तिने पुन्हा मोठ्याने वाचली.

"जबाब मला वा-चून दा-ख-वि-ला."

तिने स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. वर बघितलं.

"तू नाही वाचला, ताई."

"नाही."

"आता वाचला," ती म्हणाली. "मी."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने फाइल बंद केली आणि माझ्याकडे सरकवली.

*

मी खोलीबाहेर पळाले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं. गजभियेने पहिल्याच रिंगला उचललं.

"मी देते," मी म्हटलं. "लिहा. वाचून दाखवला नव्हता. तिला माहीतच नव्हतं."

"कुठे आहात?"

"विमानतळावर."

"मॅडम, सही इथे लागते. शपथ इथे लागते."

"फोनवर घ्या की शपथ! मी बोलते जजसाहेबांशी, त्यांच्या कानाला लावा फोन..."

"फोनवर शपथ होत नाही." मग ती धावायला लागल्याचा आवाज आला. "मी उभी राहते. तोंडी सांगून बघते. तुम्ही तिकडे थांबवा. काहीही करा, थांबवा!"

मी परत आत गेले. अधिकाऱ्याला म्हटलं, "साहेब, हा जबाब खोटा आहे. मी लिहिलाय, मीच सांगते. हिला पाठवू नका."

त्याने फाइल चाळली. वाईट माणूस नव्हता. त्याने मला खुर्ची दिली.

"बाई, मला जबाब लागतच नाही. माझ्याकडे पाठवायचा आदेश आहे. तो खोटा आहे का?"

"नाही, पण..."

"मग त्यावर स्टे आणा."

पाच वाजायला दहा कमी असताना गजभियेचा फोन आला. "लेखी आणा म्हणाले. सोमवारी." एवढंच बोलून ती रडायला लागली. मी फोन बंद केला. दुसऱ्याचं रडणं ऐकायचा मला अधिकार नव्हता.

पुढे मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. दाखला सापडत नाही म्हटलं. मोहिनीला तो ब्लाऊजमध्ये लपवायला सांगितला, ती घाबरून रडायला लागली आणि अधिकाऱ्याने हात पुढे केला. मग छातीत दुखतंय म्हणून मी खाली बसले. त्यांनी मला पाणी दिलं आणि तिला घेऊन निघाले. मी उठून मागे धावले. मी वर्दीत असूनही पहाऱ्यावरच्या जवानाने हात आडवा घातला. "मॅडम, पुढे नाही."

अब्रेहेत वळली. मी पिशवीतून दिल्लीचा कागद काढला, प्लास्टिकसकट.

"हा घे. तुझा खरा आहे."

ती मागे सरकली. त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती त्या कागदाची होती.

"नको. तिथे पर्स उघडतात. हा सापडला तर..." तिने माझी मूठ कागदावर बंद केली. "तू ठेव. मुद्देमाल."

मग वर बघितलं. वर पाटी होती.

"प्र-स्था-न. म्हणजे?"

"जाणं," मी म्हटलं.

मान हलवून ती गेली.

*

सोमवारी मी प्रतिज्ञापत्र दिलं. कोर्टाने ते नीट वाचलं आणि सांगितलं की व्यक्ती आता देशात नाही, अर्जात काही उरलेलं नाही. माझी चौकशी झाली, दोन वर्षं. एक बढती गेली, पेन्शन कमी बसली. अकराच्या अकरा माणसं आतच राहिली. कुणी काही उघडलं नाही. पुण्याच्या मैत्रिणीने पत्रं लिहिली, वकिलातीला, चर्चला, ओळखीच्या माणसांना. कुठूनही उत्तर आलं नाही. अकरा वर्षं झाली. गजभिये दर नऊ डिसेंबरला फोन करते. आम्ही काही बोलत नाही, म्हणजे तब्येतीचं वगैरे बोलतो.

चौकशीत मला विचारलं, वाचून दाखवला नाही याला पुरावा काय? मी म्हटलं, माझा शब्द. ते हसले. प्रतिज्ञापत्रातही मी तेवढंच लिहिलं होतं, की वाचून दाखवला नाही. त्याच्या पलीकडचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ते आता लिहिते. वरील जबाब मी स्वतः वाचला आहे.

ऑगस्टमधल्या, जबाब लिहिला त्या बुधवारची स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, माझ्याच अक्षरात: '१४.२० वाजता परकीय महिला अब्रेहेत हिस दाढ काढणेकामी सिव्हिल हॉस्पिटल येथे रवाना केले. १७.०५ वाजता परत आणले.' जबाबावर त्याच दिवशीची १५.०० वाजताची वेळ आहे. सही केली तेव्हा तिच्या तोंडात कापूस होता, मटकी तिने तशीच ठेवली होती. ती डायरी त्या शुक्रवारी कोर्टात माझ्या पिशवीत होती, डब्याच्या खाली.